वहीतली माफी

गावात मला अजून बोसन म्हणतात. बोसन म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. दोर, नांगर, रंग, गंज, सगळं त्याच्या डोक्यावर. अठ्ठावीस वर्षं मी ते काम केलं. आता चौथा शिमगा घरी काढतोय, तरी घरापुढच्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीवरून जाणारा कोणीही हाक मारतो, ‘काय बोसन, कधी जाणार?’ आधी मी महिना सांगायचो. मग सांगायला लागलो, बघू. आता सांगतो, तू जा माझ्या जागी. विचारणारा हसतो. मी हसत नाही.

जाता येत नाही कारण माझ्यावर केस आहे. चुलतभावाचं मनगट मोडल्याची. मनगट मी मोडलं, हे मी कधी नाकारलं नाही. कोणी विचारलं तर चहा पाजून सांगतो की हो, मीच. पण ते का मोडलं, हे सांगायला लागलो की समोरच्या माणसाला एकदम काहीतरी काम आठवतं.

आमचं गाव पूर्णगडच्या खाडीच्या अलीकडे. वडील आणि काका यांनी एकाच कुंपणात दोन घरं बांधली आणि मध्ये चिऱ्यांचा गडगा घातला, कमरेएवढा. दोघेही गेले, गडगा राहिला. चुलतभावाने रिक्षा घेतली तेव्हापासून त्याला तो गडगा खुपायला लागला, कारण रिक्षा त्याच्या अंगणात जायला हातभर जागा कमी पडायची. मी बोटीवर असताना तो माझ्या बायकोला सांगायचा, ‘वहिनी, दादाला विचार.’ मी फोनवर सांगायचो, आल्यावर बघू. मी यायचो, दोन महिने राहायचो, आंबे खायचो, परत जायचो. बघायचं राहून जायचं. तेवढी माझी चूक आहे आणि ती मी मानतो.

त्या वर्षी शिमग्याला मी घरी होतो. शिमगा झाला की आठ दिवसांनी मुंबईहून बोट पकडायची होती, तिकीट आलेलं. देवीची पालखी भोवनीला निघायला दोन दिवस होते. भोवनी म्हणजे पालखी घराघरात जाते, प्रत्येकाच्या ओटीवर बसते. त्यासाठी अंगणात मांडव घालत होतो. शेजारचे दोघे मदतीला होते. मी विहिरीच्या बाजूला बांबू तासत होतो, इतक्यात गडग्याकडून आवाज आला. चिरा पडल्याचा आवाज मला कळतो.

चुलतभाऊ पहार घेऊन गडगा पाडत होता. म्हणाला, पालखीला पाहुणे येतील, त्यांना आणताना रिक्षा अडायला नको, आज हे काढतोच. माझी बायको पुढे झाली. ती बोलायला कडक आहे, पण हात लावणारी नाही. ती फक्त गडग्याला पाठ लावून उभी राहिली. त्याने पहार दोन्ही हातांत आडवी धरली आणि तिला मागे वाकवून गडग्यावर दाबलं. पहार डाव्या खांद्यावर आणि गळ्याच्या खालच्या बाजूला. मी पोचलो तेव्हा तिचे पाय घासत होते आणि तोंडातून आवाज येत नव्हता. मी ओरडलो. तो म्हणाला, ‘दादा, तू मध्ये येऊ नको.’ मला ‘दादा’ म्हणाला, बघा. लहानपणापासूनची सवय.

हातात बांबू होता. मी त्याच्या मनगटावर घातला. एकच. पहार पडली, तो खाली बसला, ती पण खाली बसली. दुसऱ्या फटक्यासाठी मी बांबू उचललाही होता. खोटं कशाला सांगू. पण तिने खालून माझ्याकडे बघितलं आणि मी तो बाजूला टाकला. हे सगळं मिळून गॅसवर चहाला उकळी यायला लागतो तेवढाही वेळ नसेल. त्यानंतर चार वर्षं मी त्याचाच हिशोब देतोय.

त्याला रिक्षातून रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलं, त्याच्याच रिक्षातून, चालवली शेजारच्याने. हाड मोडलं होतं. दवाखान्याने नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं, पोलिसांनी त्याचा जबाब घेतला, आणि माझ्या नावाने गुन्हा दाखल झाला. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी बायकोच्या खांद्याला हळद आणि तेल लावत बसलो होतो. काळानिळा पट्टा उठला होता, पहारीच्या मापाचा. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणाली, ‘पालखी परवावर आली, आता कुठे जाताय.’ आणि गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावकी बसली, देवळाच्या मंडपात. आमच्याकडे पालखी निघण्याआधी गावातले वाद मिटावे लागतात. ज्या घरात वाद आहे त्या घरात पालखी बसत नाही. पालखी दारावरून पुढे गेली तर त्या घरच्या माणसाला वर्षभर कोणी धड बोलत नाही. मी दहा-दहा महिने बोटीवर, आणि बायको इथे एकटी. पाणी, आंबा, आजारपण, मयत, सगळं तिला या लोकांच्या आधाराने काढायचं. हे सगळं डोक्यात घेऊन मी मंडपात जाऊन बसलो.

मानकरी माझ्या वडिलांचे मित्र. वय झालेलं, पण शब्द अजून चालतो. ते म्हणाले, ‘हे बघ, कोण बरोबर कोण चूक ते देवी बघेल. तू एक नारळ ठेव, तो एक ठेवेल. दोघांनी चूक झाली म्हणायचं आणि मिटवायचं.’ चुलतभाऊ दवाखान्यात होता, म्हणून त्याच्यातर्फे त्याच्या मेव्हण्याने नारळ ठेवला. माझा मी ठेवला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. लेकरांत जो काय वाद झाला असेल तो आईने पोटात घालावा, घरादाराला सुख द्यावं. सगळ्यांनी ‘होय महाराजा’ म्हटलं. मीही म्हटलं.

मग वही आली. गावकीच्या ठरावांची वही, लाल पुठ्ठ्याची. लिहिणारा माणूस शाळेत शिपाई होता, अक्षर मोत्यासारखं. त्याने लिहिलं: माझ्याकडून रागाच्या भरात चूक झाली, मारहाण झाली, याबद्दल देवीची आणि गावाची क्षमा मागतो. मी विचारलं, त्याचं पण लिहिताय ना. तो म्हणाला, ‘तो आल्यावर सही करेल, जागा ठेवलीय.’ मी खाली सही केली. बोटीवरच्या कागदांवर करतो ती, इंग्रजीत, खाली रेघ ओढून.

ती जागा अजून रिकामी आहे.

बायका मंडपाच्या खांबांकडे उभ्या होत्या. ती त्यांच्यात होती. घरी जाताना ती माझ्या पुढे चालत होती, पदर डाव्या खांद्यावरून गच्च ओढून. पाखाडीच्या मधल्या पायरीवर थांबली आणि मागे न वळता विचारलं, ‘तुम्ही चुकलात?’

मी म्हटलं, ‘असं म्हणायचं असतं गो.’

ती चालायला लागली. पालखी आमच्या ओटीवर बसली, तिने एका हाताने ओटी भरली, मी नाचलो, मुंबईकर नाचले. दोन दिवस मला वाटत होतं की मी फार शहाणपणाने प्रकरण निस्तरलं.

तिसऱ्या दिवशी हवालदार आला. चांगला माणूस, दम न देता बोलत होता. मी त्याला ओटीवर बसवलं, कोकम सरबत दिलं आणि म्हटलं, ‘साहेब, ते मिटलं. आमच्या गावकीत मिटलं. वहीत लिहिलंय, या, दाखवतो.’ मी स्वतः त्याला मानकऱ्यांकडे घेऊन गेलो. वही मीच उघडून दिली, पान मीच काढून दिलं. त्याने वाचलं. मला वाटलं, आता टोपी घालून निघेल. त्याने विचारलं, ‘ही सही तुमची?’ मी म्हटलं, ‘हो हो, माझीच.’ अभिमानाने म्हटलं. त्याने पानाचा फोटो काढला आणि पुढे रीतसर पत्र देऊन झेरॉक्स नेली. तो कागद आज माझ्या केसमध्ये माझ्याच विरुद्ध आहे.

बोट गेली. जिल्ह्याबाहेर जाताना पोलिसांना विचारा, अशी जामिनाची अट होती, आणि कंपनी कोणाच्या अटी ऐकत बसत नाही. दुसरा बोसन चढला.

माझ्या वकील बाई आहेत, तिशीतल्या. पहिल्या भेटीत त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पत्नीचं मेडिकल?’ मी म्हटलं, नाही. ‘तुमची उलट तक्रार?’ नाही. ‘का नाही?’ मी म्हटलं, मिटलं होतं ना. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. मग समजावलं. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना दिलेला मार गुन्हा नाही, हे कायद्यात आहे, फार जुनं आहे. पण तसं म्हणायचं असेल तर आधी मारल्याचं मान्य करावं लागतं, आणि मग वाचवण्यासाठीच मारलं हे दाखवायची जबाबदारी माझी. पूर्ण सिद्ध नाही, पण असं झालं असावं इतपत तरी. आणि मी तर लिहून दिलं होतं की रागाच्या भरात चूक झाली.

मी म्हटलं, ‘बाई, ते तसं नसतं हो. आमच्याकडे चूक झाली असं सगळेच म्हणतात. लग्नात मीठ कमी पडलं तरी म्हणतात.’

त्या म्हणाल्या, ‘मला माहितीय. मी पण इथलीच आहे. पण ते कागदावर मीठ म्हणून लिहिलेलं नाही.’

मांडव घालायला आलेले दोघे शेजारी साक्षीला येतील म्हणून मी गेलो. एकाने सरळ सांगितलं, ‘बोसन, गावकीत मिटलेलं कोर्टात उकरायला मी येणार नाय.’ दुसऱ्याने चहा दिला आणि पावसावर बोलला. मी त्यांना दोष देत होतो पहिले सहा महिने. दोघांना रस्त्यात बघितलं की तोंड फिरवायचो. मग लक्षात आलं की मिटलं असं मीच सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं. माझ्याच शब्दाला ते धरून होते. माझ्या शब्दाला धरून राहणारी दोनच माणसं गावात निघाली आणि ती दोन्ही माझ्या उपयोगाची नव्हती.

तारखा सुरू झाल्या. सकाळची एसटी, कोर्टाचा व्हरांडा, दुपारपर्यंत बसणं, पुकारा, पुढची तारीख. बोटीवर मी चाळीस दिवस जमीन न बघता काढलेत आणि कधी कोंडल्यासारखं वाटलं नाही. व्हरांड्यातल्या बाकावर वाटायचं. मधल्या काळात पासपोर्ट संपला. नवा हवा तर केस चालू असलेल्याला कोर्टाची परवानगी लागते. ती काढली तर एक वर्षाचा मिळू शकतो, आणि कंपनीला एक वर्षाचा चालत नाही. म्हणजे जायला पासपोर्ट हवा, पासपोर्टला केस संपायला हवी, आणि केस संपवायला मी तिथे बसून राहायला हवं. बावन्न वर्षांच्या बोसनला अजून किती वर्षं कंपनी घेणार? मी हे गणित घरी करत नाही. घरी केलं की ती ऐकते.

मग नव्या कायद्याची बातमी आली. इंग्रजांच्या वेळचा कायदा गेला, आपला आला. मोबाईलवर लोक पाठवायला लागले की आता स्वतःला वाचवताना समोरचा मेला तरी पोलीस हात लावणार नाहीत. मी ते सात वेळा वाचलं असेल. पाठवणाऱ्याला फोन करून विचारलं, तुला कुठून आलं? म्हणाला, ग्रुपवर. तरी मी धरून बसलो. रात्री झोप लागायची मला त्या महिन्यात. बायकोला म्हटलं, ‘शिमग्याच्या आत सुटतो बघ.’ तिने दुसऱ्या दिवशी माझी बोटीवरची बॅग उन्हात ठेवली.

वकील बाईंकडे गेलो. त्यांनी टेबलावर दोन पुस्तकं ठेवली, एक जुनं, पानं सुटलेलं, एक नवं कोरं. जुन्यात शहाण्णवपासून एकशे सहापर्यंत. नव्यात चौतीसपासून चव्वेचाळीसपर्यंत. एकेक कलम दोन्हीकडून वाचून दाखवलं. मी शब्द ऐकत होतो, कुठेतरी माझ्यासाठी काही असेल म्हणून. नव्हतं. आकडे बदलले होते, मजकूर जवळजवळ तोच. ‘आणि तसंही,’ त्या म्हणाल्या, ‘तुमची घटना आधीची आहे. तुम्हाला जुनंच लागू.’

नवा कायदा आला तोही माझ्या दारावरून पुढे गेला. मला राग आला, कोणावर ते कळेना. नव्या पुस्तकावर आला असावा. मी ते उचललं आणि परत ठेवलं.

तालुक्याच्या सभागृहात नव्या कायद्यांची माहिती द्यायला शिबिर झालं, तिथेही मी गेलो. पडद्यावर चित्रं दाखवत होते. बोलणारे साहेब तरुण, नम्र. शेवटी म्हणाले, शंका विचारा. कोणी हात वर करेना. मी केला. म्हटलं, ‘साहेब, समोरच्या माणसाने माझ्या बायकोला पहारीने दाबून धरलंय. मी किती मारायचं?’

‘संरक्षणासाठी आवश्यक तेवढंच.’

‘ते मोजणार कोण?’

‘न्यायालय.’

‘केव्हा?’

मागे दोघे-तिघे हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, ‘नंतर. दुर्दैवाने नंतरच.’ मला तो माणूस आवडला. खरं बोलला.

बोटीवर एकदा धक्क्याला लागताना दोर ताणून तुटायला आला होता. एका खलाशाचा पाय त्यात अडकलेला. मी कुऱ्हाडीने दोर तोडला. बोट थोडी धक्क्यावर आपटली, नुकसान झालं. कॅप्टनने त्याच तासाला सगळ्यांना बोलावलं, ज्याने जे बघितलं ते लिहून घेतलं, त्या खलाशाचा पाय बघितला, तेही लिहिलं, आणि मला म्हणाला, जा जेव. कायदा बदलणाऱ्यांनी मला विचारलं असतं तर मी एवढंच सांगितलं असतं. मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला, दोघांनाही त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. दोघांचंही लिहा. आणि गावात कोणी देवासमोर चूक झाली म्हटलं तर ते देवापाशीच राहू द्या, कोर्टात आणू नका. पण मला कोण विचारतोय. मी आरोपी क्रमांक एक. दुसरा कोणी नाहीच, तरी क्रमांक एक.

यंदा पौषात चुलतभावाकडून निरोप आला. मध्ये एवढी वर्षं गडग्यापलीकडून आम्ही एकमेकांचं खोकणं ऐकत होतो, बोलणं नव्हतं. त्याच्या मुलीला लांज्याहून स्थळ आलं होतं. चांगलं घर, काजूचा धंदा. ते लोक गावात चौकशी करून गेले, आणि कोणीतरी त्यांना सांगितलं की मुलीच्या बापाने भावजयीवर पहार चालवली. लग्न अडलं. तो तडजोडीला तयार होता. कोर्टाच्या परवानगीने केस मिटू शकते, कारण मार लागलेला माणूस तो आणि संमती त्याची. त्याच्या वकिलाने पुरशिस तयार करून आणली. पुरशिस म्हणजे दोन्ही बाजूंनी कोर्टाला द्यायचा कागद. वकील बाईंनी ती मला वाचून दाखवली. केस मागे, दोघांत वैर नाही, गडगा आहे तिथे राहील. आणि त्यात एक वाक्य होतं: फिर्यादीने माझ्या पत्नीच्या अंगास कधीही स्पर्श केला नव्हता, मी रागाच्या भरात गैरसमजातून मारले, याबद्दल मी क्षमा मागतो.

‘हे वाक्य केसला लागत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘पण त्याची अट आहे. वाक्याशिवाय संमती नाही.’

‘सही केली तर?’

‘महिन्या-दोन महिन्यांत मोकळे. पासपोर्ट मिळेल.’

कंपनीला फोन केला. ओळखीचा माणूस होता, म्हणाला, मे महिन्यात एक बोट आहे, बोसन हवाय, कागद असतील तर ये. मी कागद घेऊन घरी आलो. ती परसात कपडे वाळत घालत होती. आमच्या परसातली कपड्यांची दोरी शेजारपाजारच्यांपेक्षा खाली आहे. मीच ती दीड हात खाली बांधली, पहिल्या वर्षी, कारण तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. शर्टांच्या बाह्या जमिनीला लागतात. मी तिला पुरशिस वाचून दाखवली, ते वाक्यसुद्धा. लपवून काय करणार.

तिने शेवटचा टॉवेल घातला. म्हणाली, ‘करा सही.’

‘खोटं आहे ते.’

‘मला काय सांगता. करा सही. तुम्ही घरात असे फिरता तर मला बघवत नाय. आणि त्या पोरीचा काय दोष. असं म्हणायचं असतं.’

माझंच वाक्य होतं ते. चार वर्षं जपून ठेवलं होतं तिने आणि त्या दिवशी मला परत दिलं. तिने ते चिडून म्हटलं नव्हतं, म्हणून मला जास्त लागलं.

तारखेच्या दिवशी आम्ही दोघे एसटीने गेलो. ती कधी कोर्टात येत नाही, त्या दिवशी आली. पावस गावच्या थांब्यावर दोन बाया मासळीच्या टोपल्या घेऊन चढल्या, तिने त्यांच्याशी भाव-बिव काढला, अगदी बाजाराला निघाल्यासारखी. व्हरांड्यात चुलतभाऊ आधीच बसला होता. उजव्या हातात फाईल, पण ती तो बोटांनी धरत नव्हता, काखेत दाबून बसला होता. त्याची मूठ अजून नीट वळत नाही. रिक्षा विकली त्याने. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. ‘दादा,’ म्हणाला. मी मान हलवली. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून अजून राग आला. माझी सही तिथेच बाकावर झाली. बोटीवरचीच, खाली रेघ ओढून.

पुकारा झाला. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी कागद वाचला, चुलतभावाला विचारलं, स्वखुशीने? तो हो म्हणाला. मग मला. ‘यातला मजकूर तुम्ही वाचलात? तो खरा आहे?’

साधा प्रश्न. प्रत्येकाला विचारतात. हो म्हणायचं आणि निघायचं. मी हो म्हणणारच होतो. मागे वळून बघितलं, का बघितलं माहीत नाही. ती दाराजवळ उभी होती. गर्दीतून कोणीतरी आत घुसत होता, त्याने तिला डाव्या बाजूला धक्का दिला, आणि तिने खांदा असा आत घेतला, जसा ती चार वर्षं घेते, न बोलता. सवयीने. पदर ओढून घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणा म्हणून.

मी म्हटलं, ‘मॅडम, सही माझी आहे. पण एक वाक्य खोटं आहे.’

वकील बाईंनी माझ्याकडे बघितलं. थांबवलं नाही.

‘कुठलं?’

‘स्पर्श केला नव्हता ते. त्याने तिला पहारीने दाबलं होतं. ती मरत होती. मी म्हणून मारलं. ते सोडून बाकी सगळ्याला मी तयार आहे. तेवढं खोडा.’

न्यायाधीश बाईंनी चुलतभावाला विचारलं, हे वाक्य काढलं तर संमती आहे का. हे वाक्य आवश्यक नाही, हेही सांगितलं. त्याने काखेतली फाईल अजून घट्ट दाबली. त्याची मुलगी, लांज्याचे लोक, सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं. म्हणाला, ‘वाक्य नाय तर संमती नाय.’ कागद परत दिला गेला. केस पुढे चालेल. आता माझा जबाब, मग आमचे साक्षीदार, म्हणजे ती एकटी. वकील बाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘अजून दोन वर्षं धरा.’ मग म्हणाल्या, ‘जे बोललात ते जबाबात असंच बोला.’

परतीच्या एसटीत खिडकीकडची जागा मिळाली, मी तिला दिली, डावा खांदा माझ्या बाजूला येईल अशी. भाट्याचा पूल गेला. खाली पाणी, पलीकडे समुद्र, बाहेर नांगरावर एक बोट उभी होती. तिने बघितली. मीही बघितली.

‘मे महिन्याची गेली तुमची,’ ती म्हणाली.

‘गेली.’

तिने डोकं खिडकीच्या दांडीला टेकलं. मला वाटलं, झोप लागली. मग खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाली, ‘आज बोललात ते तेव्हा देवळात बोलायचं होतंत.’

माझ्याकडे कारणं होती. पालखी होती, गावकी होती, ती इथे एकटी राहणार होती, सगळं तिच्यासाठीच केलं होतं. चार वर्षं मी ती कारणं स्वतःला सांगत होतो आणि मला ती पटतही होती. त्या दिवशी तोंडात आली नाहीत.

मी म्हटलं, ‘चूक झाली माझी.’

‘झाली,’ ती म्हणाली.